बुधल्याची भरती

आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, तांदळाच्या पिंपाशेजारी, काचेचा एक मोठा बुधला असतो. पोट मोठं, मान बारीक. उजेड लागला की जांभळाचा रंग विटतो, म्हणून त्याला जुन्या गोधडीच्या तुकड्याचा अंगरखा शिवून घातलाय. नवीन माणूस घरात आलं की विचारतं, लोणचं का हो? मी हो म्हणून मोकळी होते. वाईन म्हटलं की पुढे तासभर बोलावं लागतं, आणि मी बोलायला लागले की मला थांबवणारं माणूस आता घरात नाही.

खालापूरच्या अलीकडे आमचं भाताचं रान आहे, त्याच्या कडेला आमची वायनरी. वायनरी म्हणजे काही चित्रातल्यासारखी नव्हे. पत्र्याची लांब शेड, आत स्टीलच्या टाक्या, फळं चेचायचं एक यंत्र, आणि फरशी सदा ओली. थंडी सरताना घाटावरून टेंपोने द्राक्षं येतात. आमचा रस्ता कच्चा होता तेव्हा कुंभिवलीला हायवेवर क्रेट उतरवून घ्यायचो आणि तिथून बैलगाडीने आणायचो. गाडीवान म्हणायचा, "वयनी, ह्या बैलांना वासानंच चढतंय." मे महिना सरता सरता करवंदं आणि मागोमाग जांभळं.

मी सातवी शिकलेली. हे खोपोलीला कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा कुठल्याशा आठवड्याभराच्या शिबिराला जाऊन आले आणि म्हणाले, फळांची वाईन करू. मी म्हटलं, कोकमाचं आगळ करते, सरबत करते, आता हेही करू. पण शिबिरात हे शिकून आले आणि हात माझा लागला, असं झालं. कधी रस चेचायचा, कधी साल काढून टाकायची, आंबण किती दिवस चालू द्यायचं, हे मला वासावरून कळायचं. ह्यांना कळायचं नाही. दोन-तीन हंगाम गेल्यावर त्यांनी सरळ सांगून टाकलं, "वाईन तू कर. मी धुतो, उचलतो, भरतो." आणि खरंच, जन्मभर त्यांनी टाक्या धुतल्या.

गावात सुरुवातीला काय काय ऐकून घेतलं! हळदीकुंकवाला गेले की कोपऱ्यातून आवाज यायचा, "आली गं दारूवाली." जूनभर माझे हात कोपरापर्यंत जांभळे असत, लपवणार कुठे? एकदा मीच म्हटलं, "लाव गं कुंकू, रंग लागत नाय तुला." आता त्याच बायका कानाशी येऊन म्हणतात, "काकू, एक बाटली ठेवा बाजूला. पाठीला बरं वाटतंय." पाठ कसली दुखतेय! पण मी देते.

माझ्या आवडीनिवडी विचाराल तर अगदी गावंढळ आहेत. मला गोड वाईन आवडत नाही. फार्महाऊसवर येणारी मंडळी गोड मागतात म्हणून करते, पण जेवताना गोड सरबत पितं का कोणी? मला हवी ती कोरडी, जिभेला जरा धरून ठेवणारी, कच्च्या जांभळासारखी. लाकडी पिंपातली एकदा कोणी प्यायला दिली, तर मला सुताराच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटलं. चीजही खाऊन बघितलं, पाहुण्यांनीच आणलेलं. चांगलं असेल. मला आपलं वालाचं बिरडं हवं. मोड आलेले, सोललेले वाल, ओलं खोबरं, कोकम, आणि सोबत जांभळाची वाईन. वालाला जो एक किंचित कडवटपणा असतो ना, तो त्या वाईनने गोड होतो. मटणाबरोबरही तीच. सुक्या बोंबलाबरोबर मात्र लाल वाईन घेऊ नये, तांब्याची तार चोखल्यासारखी लागते. त्याला पांढऱ्या द्राक्षांची घ्यावी. जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी असेल तर करवंदाची. हे मला कोणी सांगितलेलं नाही, आमच्याच ताटात बघून बघून कळलेलं.

ह्यांना सगळ्याबरोबर खारे शेंगदाणे चालायचे. बिरडं असलं तरी शेंगदाणे! मी म्हणायचे, "अहो, मिठाने जीभ मारून टाकलीत, आता काय कळणार तुम्हाला?" त्यावर म्हणायचे, "तुला कळतंय ना, मग झालं. मला फक्त हो किंवा नाही म्हणायचंय."

कारण आमच्याकडे एक नियम होता, त्यांनीच घातलेला. एका तोंडावर विश्वास ठेवायचा नाही. माणसाला बारीक ताप असतो, अपचन असतं, सकाळी भांडण झालेलं असतं, सगळं चवीत उतरतं. म्हणून कुठल्याही टाकीतून काढायचे तर दोन पेले काढायचे. दोघांनी चाखायचं, आणि दोघांचं जुळलं तरच ते खरं धरायचं. हा नियम मुळात माझ्यामुळे आला. मुलीच्या लग्नाच्या धावपळीत मला एक चांगली टाकी बिघडल्यासारखी लागली होती, ओतून द्यायला निघाले होते. ह्यांनी चाखून म्हटलं, "वाईन बरी आहे गं. तू बरी नाहीस." आणि तसंच होतं. मुलगी सासरी गेल्यावर आठवड्याने तीच वाईन मला गोड लागली.

ती मुलगी आता भिसेगावला असते, सासरी. रोज स्कूटरवरून वायनरीत येते. हिशेब, गिऱ्हाईकं, परवाने, सगळं तीच बघते, आणि शेडमधला दुसरा पेला आता तिचा असतो. पण घरचा बुधला हा त्यातला नव्हे. तो आम्हा दोघांचा.

दरवर्षी जांभळाच्या हंगामात एकाच झाडाची फळं आम्ही वेगळी ठेवायचो. डोंगराच्या पायथ्याला वाडी आहे, तिथली एक बाई आम्हाला वर्षानुवर्षं जांभळं आणून देते. तिच्या वाटेवरचं ते झाड. सागाची पानं घातलेल्या टोपलीत ती जांभळं वेगळी आणायची आणि पडवीत टोपली उतरवत म्हणायची, "ही तुमच्या घरची. शेडात मिसळू नका, मी वळखीन." हे वाईन चाखून थुंकायचे, शिबिरात तसं शिकवलेलं. ते बघितलं की तिला हसू आवरायचं नाही. "दादा चाकून थुकतो. आमी चाकून गिळतो. कुनाची जीब शानी?" मीही कधी थुंकले नाही. चांगली वस्तू थुंकायची कशाला?

त्या झाडाची वाईन बुधल्यात भरायची. ती विकायची नाही. पावसाळाभर ती मुरायची. दर रविवारी जेवायच्या आधी नळी घालून दोन पेले काढायचे, छोटे, स्टीलचे. चाखायची आणि त्यावर बोलायचं. आणि थंडीत पोपटीच्या दिवशी उरलेली सगळी बाटल्यांत भरायची. वालाच्या शेंगा, कांदे-बटाटे, भांबुर्डीच्या पाल्यात गुंडाळलेली कोंबडी, सगळं मडक्यात कोंबून मडकं उपडं टाकायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. सूर्य मावळता मावळता मडकं फुटेपर्यंत आमच्या बाटल्या भरून व्हायच्या. बाकी लोकांची दसरा-दिवाळी असते, आमचं वर्ष पोपटीला संपायचं.

गेल्या जूनमध्ये बुधला भरला तेव्हा मी चूल बघत होते आणि हे खाली मांडी घालून बसलेले. गळ्यापर्यंत वाईन आली तसे वाकून आत बघत म्हणाले, "झालं. बाळंतिणीला वारं लागू देत नाहीत ना, तसं हिचं. आता बूच घालतो." मी म्हटलं, "घाला, आणि हात धुऊन या, भात निवतोय." एवढंच बोलणं. फार काही बोललो असतो असं नाही, बुधला भरणं हे काही बोलायचं काम नव्हे.

गौरी जेवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले. अंघोळीला पाणी काढलं होतं. छातीत काहीतरी होतंय म्हणाले, मुलगी गाडी घेऊन येईपर्यंत पडवीतच. गाडी आली तेव्हा पाणी अजून कोमट होतं.

दिवसकार्य झालं. माणसं आली, माणसं गेली. पहिला रविवार आला तेव्हा मी भात टाकला, आमटी टाकली, आणि हात आपोआप नळीकडे गेला. दोन पेले काढले. काढल्यावर लक्षात आलं. आता दुसरा परत ओतता येत नाही, बाहेर आलेली वाईन आत घालायची नाही हा आमचाच नियम. म्हणून तो त्यांच्या जागी ठेवला, पाटासमोर. जेवले. मग तो पेला मागे अळवाच्या वाफ्यात ओतला.

पुढच्या रविवारी मी जाणूनबुजून दोन काढले. त्याच्या पुढच्याही. पेला समोर असला की जेवण उतरायचं. नाहीतर घास तोंडात फिरायचा नुसता. मुलगी म्हणायची, "आई, रविवारी तरी आमच्याकडे ये गं जेवायला." मी म्हणायचे, "रविवारी मला काम असतं." अळू मात्र त्या साली असं फोफावलं की शेजारीण म्हणाली, "काय घालतेस गं बाई ह्याला?" काय सांगणार तिला!

आणि चव. दिवाळीच्या सुमाराला मला वाईन जराशी टोचायला लागली. जिभेच्या कडांना. मी म्हटलं, तोंड आपलं बरं नाही. त्या दिवसांत भातसुद्धा कडू लागत होता मला, चहा आंबट लागत होता, बिरडं केलं तर राखेसारखं. सगळंच बिघडलंय म्हणजे बिघडलेली मीच, असा सरळ हिशेब. मुलीच्या लग्नाच्या वेळी हेच झालं होतं ना? तेव्हा ज्यांनी सांगितलं ते आता समोरच्या पाटावर नव्हते, पण त्यांचं उत्तर मला पाठ होतं. वाईन बरी आहे गं, तू बरी नाहीस. दर रविवारी मी समोरच्या पेल्याकडे बघून हे स्वतःला सांगायची. मुलीला एकदा चाखायला दिलं असतं तर एका क्षणात कळलं असतं. पण मी म्हटलं ना, तो बुधला आमचा होता. शेवटचा होता. तिसरं तोंड मला त्यात नको होतं.

पोपटीच्या दिवशी मुलगी बाटल्या धुऊन, उकळून घेऊन आली. मागच्या रानात जावई मडकं लावत होता, पेंढ्याचा धूर घरात येत होता. मुलीने नळी घातली, पेला भरला आणि नाकाशी नेला. मग तिने तो खाली ठेवला.

"आई, तू ही चाखत होतीस ना?"

"दर रविवारी."

"मग?"

"मग काय?"

"आई, ही आंबलीय गं. व्हिनेगर झालंय ह्याचं."

मी म्हटलं, "तुझं तोंड बरं नसेल." असं म्हणाले मी. खरंच म्हणाले.

तिने वाद घातला नाही. खाली बसली आणि बुधल्याच्या गोधडीचे बंद सोडायला लागली. मी म्हटलं, कशाला सोडतेस, उजेड लागेल. तिने सोडलेच. आणि मग दिसलं. वाईन गळ्यात नव्हतीच. मान सोडून कधीच खाली पोटात उतरली होती, आणि वर तिचं तोंड ताटाएवढं पसरलेलं, त्यावर पांढुरकी साय. गळ्याशी असते तेव्हा वाईनचं तोंड असतं रुपयाच्या नाण्याएवढं. तेवढ्याला हवा लागून काय लागणार? पण एकदा का ती मानेखाली उतरली, की एकेका पेल्यागणिक तोंड रुंदावत जातं. हे मी शेडमधल्या पोरींना शिकवते. टाकी उणी ठेवलीत तर याद राखा, म्हणून ओरडते. तीच मी, घरात, दर रविवारी दोन पेले काढत होते, आणि त्यातला एक अळवाला घालत होते.

"बाबा भरती करायचे ना," मुलगी म्हणाली.

करायचे. मला माहीत होतं आणि नव्हतंही. पेले भरून झाले की मी ताटं वाढायला वळायची, आणि मागे ह्यांची काहीतरी खुडबुड चालायची. मला वाटायचं बूच पुसतायत. जेवढं बाहेर आलं तेवढं ते त्याच वाईनच्या बाटलीतून परत भरत असत, गळ्याला लागेपर्यंत. इतकी वर्षं मी म्हणत आले की वाईन मी करते. करत होते मीच, खोटं नाही. पण ती टिकत कोणामुळे होती, हे मागे वळून बघितलं असतं तर दिसलं असतं. दोन पावलांवर तर होतं.

बाहेरून जावयाने हाक मारली, "आई, मडकं झालं हो!" आम्ही दोघी तशाच बसलेल्या. मग मुलगी उठली, तांदळाच्या पिंपामागे हात घालून चाचपायला लागली. लहानपणी तिने बघितलं असणार, मुलांना बापाच्या जागा माहीत असतात. एकेक करत तिने लहान बाटल्या बाहेर काढल्या. बुचापर्यंत भरलेल्या, वर मेण लावलेलं. जूनमध्ये बुधला भरला त्याच दिवशी ह्यांनी वर्षाच्या भरतीची वाईन काढून ठेवलेली, पोपटीपर्यंत पुरेल अशी. गौरींपर्यंतच्या वापरल्या होत्या. बाकीच्या माझी वाट बघत तिथेच, माझ्या पाठीमागे.

मुलीने एक फोडली. तिने आधी चाखली, मग माझ्या हातात दिली. मी चाखली.

काय सांगू? चांगली होती. नुसती चांगली नाही, इतक्या वर्षांत त्या झाडाची इतकी भरलेली वाईन उतरली नव्हती. मागे सालीचा तो तुरट पदर, आणि त्याच्याही मागे ओल्या रानाचा वास. हीही बिघडलीच असती तर बरं झालं असतं असं क्षणभर वाटून गेलं. मग काय घालवलं ते तरी कळलं नसतं. आणि दुसरं म्हणजे, वाईनपुरतं तरी माझं तोंड ठीक होतं. दिवाळीपासून ठीक होतं. ते खरं सांगत होतं आणि मी ऐकत नव्हते.

"आई, रडू नको ना गं," मुलगी म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली. पोपटी निवून गेली. जावई बिचारा शेंगा सोलून ताटं घेऊन आला, आम्हाला बघून ताटं ठेवली आणि पुन्हा विस्तवापाशी जाऊन बसला.

बुधल्यातलं ओतून द्यायला मी तयार नव्हते. चांगलं व्हिनेगर झालं त्याचं, जांभळट, झणझणीत. त्यात कांदे घालून ठेवते, सुक्या बोंबलाबरोबर छान लागतात. वाडीतल्या बाईला एक बाटली दिली तर वास घेऊन म्हणाली, "दादाची हाय ना? नाकात गेली बग सरळ." आणि पदराने डोळे पुसत राहिली. व्हिनेगरने की कशाने, मी विचारलं नाही.

भरतीच्या बाटल्यांचं मात्र अवघड झालं. लहान बाटलीत, साध्या बुचात वाईन फार दिवस राहत नाही. ठेवून द्यायची म्हटली तर पुन्हा तेच होणार. धंदा सांगत होता, पिऊन टाक. म्हणून प्यायलो, मुलगी आणि मी, उन्हाळा लागायच्या आत, रविवार-रविवार करत. दुसरा पेला ती घ्यायची. शेवटच्या बाटलीच्या दिवशी मी बिरडं केलं आणि वाटीभर खारे शेंगदाणेही ठेवले. शेंगदाणे आम्ही दोघींनीही खाल्ले नाहीत.

ह्या जूनमध्ये वाडीतली बाई टोपली घेऊन आली. पडवीत उतरवून उभी राहिली, नेहमीचं वाक्य काही बोलेना. मीच म्हटलं, "ही घरची ना?"

"घरचीच हाय," ती म्हणाली. "पर भरनार का तुमी?"

भरला. परवा आंबण संपलं, वाईन गाळून बुधल्यात ओतली, आणि भरतीच्या लहान बाटल्या वेगळ्या काढल्या. मेण लावताना बोट भाजलं. ह्यांना कधी भाजलेलं आठवत नाही, की भाजलं तरी सांगितलं नसेल, कोण जाणे. मग मांडी घालून खाली बसले. गुडघे आता ऐकत नाहीत, तरी बसले. थेंब थेंब करत गळ्यापर्यंत आणली. थोडी गोधडीवर सांडली. वाकून आत बघितलं. नाण्याएवढं तोंड, काळंजांभळं, आणि त्यात माझा एक डोळा. दुसरा मावत नव्हता.

बूच घातलं. चुलीवर भात होता, तो बघायला उठले.